साळवेकाका आणि शंभर टक्केवाले

परवा कर्जतच्या स्टँडसमोर नवा फ्लेक्स लागला. त्यात एक बाई मांडीवर लॅपटॉप घेऊन हसते आहे, तिच्या मागे बर्फाचे डोंगर आहेत आणि खाली हातभर उंच अक्षरांत लिहिलंय, ‘आता इंटरनेट कधीच बंद पडणार नाही’. भाजीची पिशवी हातात धरून मी तो वाचला आणि एकटीच हसले. शेजारचा पेरूवाला म्हणाला, “काय झालं मॅडम?” त्याला काय सांगणार? साळवेकाका त्या फ्लेक्सखाली उभे राहून विचारताहेत असंच मला वाटलं, “कधीच म्हंजी किती वाजेपर्यंत?”

साळवेकाकांना जाऊन आता दोन वर्षं होतील. आमच्या कॉलेजात ते संगणकांचं नेटवर्क सांभाळायचे आणि मी ग्रंथपाल. ग्रंथालयाला लागूनच त्यांची खोली होती. खोली म्हणायची आपली, खरं तर जिन्याखालची जागा. तिथे एक लोखंडी कपाट, कपाटात दिवे लुकलुकणारी यंत्रं आणि समोर एक लाकडी खुर्ची. कॉलेजातल्या सगळ्या संगणकांच्या तारा त्या कपाटातून निघायच्या, आणि प्रत्येक तार जिथे जाते तिथवर काका स्वतः जाऊन आलेले असायचे.

पूर्ण नाव शामुवेल बाजीराव साळवे. मूळचे देवळाली प्रवऱ्याकडचे, ख्रिस्ती. वडील शाळामास्तर. काकांनी मात्र उमेदीची वर्षं टेलिफोनच्या खांबांवर काढली. लाइनमन म्हणून लागले, चढउतार करून गुडघे गेले, मग लवकर निवृत्ती घेऊन आमच्याकडे वर्षावर्षाच्या करारावर आले. संगणकाची पदवी वगैरे काही नव्हती. बाह्या दुमडलेला पांढरा शर्ट आणि खिशात दोनच वस्तू, एक टेस्टर आणि एक लाल पेन्सिल. टेस्टर विजेसाठी, पेन्सिल कंपन्यांच्या माहितीपत्रकांसाठी.

माहितीपत्रक ते शेवटून वाचायचे. जाड गुळगुळीत कागद, वर निळं आकाश, हसणारी माणसं, ते सगळं सोडून थेट तळाशी जायचे. तिथला मजकूर मुंगीएवढ्या अक्षरांत असतो, म्हणून ग्रंथालयातलं भिंग माझ्याकडून मागून न्यायचे. एकदा मी विचारलं, “काका, वरचं का नाही वाचत?”

“वरचं लिहिनारा विकनारा असतो, मॅडम. खालचं लिहिनारा वकील असतो. वकील उगं शाई घालवीत न्हाई.”

मग पेन्सिलने एकच शब्द हुडकून त्याभोवती गोल काढायचे, ‘अप टू’. इतक्या वेगापर्यंत, इतक्या अंतरापर्यंत, इतक्या संगणकांपर्यंत. “माजी सायकलबी शंभरच्या स्पीडपर्यंत जाती,” ते म्हणायचे. “शून्य, धा, पंधरा, समदं त्यातच आलं की.” त्यांच्या कपाटाच्या दाराला अशी लाल गोलांची माहितीपत्रकं टाचलेली होती. कंपनीचा माणूस आला की त्याची नजर आधी तिकडे जायची आणि बिचाऱ्याचं अर्धं भाषण तिथेच विरायचं.

तरी काही जण नेटाने बोलायचे. पुण्याहून एक जण आला होता, मे महिन्यात टाय घालून. त्याच्या वायफायच्या डब्याला भिंती अडवतच नाहीत म्हणाला. “आमच्या सिग्नलला भिंत म्हणजे हवा आहे, सर. शंभर टक्के कव्हरेज.” काकांनी त्याला मान दिला, डबा कपाटाजवळ चालू करायला लावला आणि ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत नेऊन बसवलं. ती खोली जुन्या दगडी बांधकामातली, भिंती हातभर जाड, त्यात सगळीकडून लोखंडी कपाटं. चहा मागवला. म्हणाले, “निवांत घ्या. च्या झाला की तुमच्याच वायफायवरनं मला एक मेसेज टाका, मी लगीच येतो.” आणि आपल्या खुर्चीत येऊन बसले.

अर्ध्या तासाने मी एक जुना अंक आणायला आत गेले, तर तो गृहस्थ स्टुलावर चढून मोबाईल झरोक्याकडे धरून उभा होता. टाय खांद्यावर टाकलेला. म्हणाला, “मॅडम, सरांना सांगता का, चहा झाला म्हणून?” मी येऊन सांगितलं. काकांनी घड्याळ पाहिलं. “आला बगा मेसेज,” ते म्हणाले. “तुमच्या पायानं आला.”

दुसऱ्या एका कंपनीने स्वतःला स्वतःच दुरुस्त करणारं यंत्र आणलं. त्यात म्हणे बुद्धी भरलेली होती, बिघाड झाला की ते आपणच ओळखतं आणि आपणच बरं होतं. काकांनी ते दोन दिवस काही न बोलता वापरलं. तिसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस आल्यावर त्याच्यादेखत एक वायर उपसून काढली, खुर्ची यंत्रासमोर ओढली आणि हाताची घडी घालून बसले.

“सर, काय करताय?” तो माणूस.

“बसलोय. बरं हुईल आता.”

“सर, वायर काढल्यावर कसं होईल? ते त्यात येत नाही.”

“मग त्यात काय येतं तेवढं लिहून द्या.”

त्या माणसाने काही लिहून दिलं नाही. काकांनी वायर परत लावली आणि त्याला जेवायला घरी चला म्हणाले. हे मला त्यांचं नेहमी नवल वाटायचं. बढाईशी त्यांचं हाडवैर होतं, पण बढाई मारणाऱ्या पोराशी नव्हतं. “त्यो तरी काय करील,” म्हणायचे, “त्याला वरनं पाठ करून धाडत्यात.”

‘मिलिटरी ग्रेड’ असा शिक्का असलेला एक डबा आला तेव्हा तो घेऊन ते फाटकावर गेले. आमचे पहारेकरी हवालदार शिंदे, वीस वर्षं सैन्यात काढलेले. काकांनी डबा त्यांच्या हातात दिला आणि विचारलं, “ह्ये मिलिटरीवानी वाटतं का?” शिंद्यांनी तो उलटा केला, हलवून पाहिला, झाकणाची क्लिप बोटाने दाबली, ती तुटून त्यांच्या हातात आली. शिंद्यांनी ती खिशात टाकली. मग शिंदे म्हणाले, “साळवे, आता ह्ये कुनाला सांगू नका.”

पण हे असं लिहिलं की वाटतं, काय गमतीचा माणूस. रोज शेजारी बसून काम करायला तो माणूस सोपा नव्हता. स्टाफरूममध्ये काका आले की लोक वर्तमानपत्र उघडायचे. कुणी नवा मोबाईल घेतला की हे त्याचा खोका मागायचे, खालून वाचायला. मी ग्रंथालयाच्या अहवालात ‘सर्व पुस्तके सुस्थितीत’ असं लिहिलं होतं, तर दुपारभर कपाटं धुंडाळून वाळवी लागलेली सात पुस्तकं माझ्या टेबलावर आणून ठेवली. मी आठवडाभर बोलले नाही त्यांच्याशी. त्यांना नगरच्या चर्चमधल्या पाळकसाहेबांनी एकदा विचारलं होतं, की साळवे, तुमचा कशावर विश्वास बसत नाही, मग दर रविवारी इथे कसे येता? काका म्हणाले, “प्रभूनं आदीच सांगून ठिवलंय ना, तरास व्हनार म्हनून. त्यानं कुटं म्हनलं की काय बिघडनार न्हाई?”

आणि मग ती परीक्षा आली.

नर्सिंगची प्रवेशपरीक्षा संगणकावर होते. आमच्या तालुक्यातल्या मुलींना त्यासाठी नगरला जावं लागायचं. सकाळी साडेआठला आत हजर, म्हणजे घरून अंधारात निघायचं. खेड्यातले बाप म्हणायचे, एवढ्या पहाटे पोर कुठं धाडायची, आणि भरलेला अर्ज तसाच राहायचा. आमच्या प्राचार्यांनी खूप खटपट करून परीक्षाकेंद्र कर्जतला, आमच्याच कॉलेजात आणलं. माणूस तळमळीचा होता, हे मला आजही म्हणायचंय. केंद्राची एक अट होती. इंटरनेटच्या दोन लाइनी हव्यात, दोन वेगळ्या कंपन्यांच्या, दोन वेगळ्या वाटांनी आलेल्या. एक तुटली तर दुसरी चालू राहावी. दोन्ही कंपन्यांनी सहीशिक्क्याची पत्रं दिली, मार्ग पूर्णपणे वेगळे, सेवा शंभर टक्के अखंड.

त्या वर्षी माझ्याकडे अश्विनी नावाची मुलगी रोज अभ्यासाला बसायची. मिरजगावजवळच्या वस्तीवरची, वडील भाजीपाल्याचा टेम्पो चालवायचे. त्यांनी तिला सरळ सांगितलं होतं, कर्जतला परीक्षा असली तर दे, नगरला असली तर विषय काढू नको. ती एकदा काकांच्या खुर्चीपाशी जाऊन उभी राहिली.

“काका, त्या दिवशी नेट चालंल ना?”

“आज चालतंय,” काका म्हणाले.

“आजचं न्हाई विचारत. परीक्षेच्या दिवसाचं.”

“आजचं सांगतो की. उद्याचं मला कसं ठावं?”

ती हिरमुसून परत आली. मला काकांचा राग आला. पोरीला ‘हो’ म्हणायला काय जात होतं? पण त्या माणसाच्या तोंडून कधी कुणी ‘हो, होईल’ ऐकलं नव्हतं. त्यांच्याकडून मिळायचं ते एवढंच, आज चालतंय.

दुसऱ्या दिवशी मात्र ते माझ्याकडे आले. “मॅडम, तुमची स्कूटी हाय ना? जरा मिरजगावपस्तोर जायचंय. माज्या गुडघ्यानं सायकल व्हत न्हाई.”

“कशाला?”

“लाइन चालत बगायचीय.”

लाइनमन माणसाची ही जुनी सवय. दोष कागदावर शोधायचा नाही, तारेबरोबर चालायचं. पुढच्या सुट्टीच्या दिवशी मी स्कूटी काढली. मी पुढे, काका मागे, आणि त्यांची नजर रस्त्याकडेच्या चारीत. जमिनीखालून गेलेल्या केबलीवर कंपन्या खुणेचे छोटे दगड पुरतात. प्रत्येक दगडाला गाडी थांबवायची, काका उतरायचे, दगडावरचं नाव वाचायचे, वहीत लिहायचे. वीस-बावीस किलोमीटरला आम्हाला सकाळ पुरली नाही. वाटेत दोन ओळखीचे भेटले आणि मॅडम साळव्यांना घेऊन काय हुडकत फिरताहेत, हे संध्याकाळपर्यंत कर्जतभर झालं.

मिरजगाव जवळ येईपर्यंत दगड रस्त्याच्या दोन बाजूंना होते. एका कंपनीचे डावीकडे, एकीचे उजवीकडे. मला वाटलं, पत्र खरं आहे. मिरजगावच्या अलीकडे एका हॉटेलापाशी उजवीकडचे दगड संपले. काका रस्ता ओलांडून डावीकडे गेले. हॉटेलच्या मोरीशेजारी एक सिमेंटचं झाकण होतं. हॉटेलमालकाला विचारून, त्याच्याच पहारीने त्यांनी ते उचकटलं. आत खड्ड्यात दोन केबली होत्या, एक निळी आणि एक नारिंगी, एकाच पाइपातून पुढे गेलेल्या.

काका गुडघे धरून खाली बसले आणि बराच वेळ आत बघत राहिले. आनंद झाला असेल असं मला वाटलं होतं, संशय खरा ठरला म्हणून. पण चेहरा उतरला होता. म्हणाले, “खोटं निगालं असतं तर बरं झालं असतं, मॅडम.”

प्राचार्यांना ते पटलं नाही. “साळवे, कंपन्यांची लेखी पत्रं आहेत. तुमच्याकडे काय आहे? खड्ड्याचा फोटो.” तरी त्यांनी आमच्यासमोरच दोनपैकी एका कंपनीला फोन लावला. पलीकडचा माणूस गोड आवाजात म्हणाला, की सर, जागा एक असली तरी दोन्ही लाइनी लॉजिकली वेगळ्या आहेत. प्राचार्यांनी समाधानाने फोन ठेवला. काका म्हणाले, “त्ये लॉजिक जेसीबीवाल्याला कोन सांगनार?”

मग काकांनी तांबोळींना गाठलं. बाजारात त्यांचं मोबाईलचं दुकान, आणि गच्चीवर उभारलेल्या मनोऱ्यावरून ते पन्नासेक घरांना हवेतून इंटरनेट द्यायचे. त्यांची लाइन राशीनच्या बाजूने यायची, मिरजगावच्या खड्ड्याशी तिचा संबंध नव्हता. काकांनी विचारलं, कसं चालतं? तांबोळी म्हणाले, “खरं सांगू? वारं सुटलं की अडकतं. चारच्या पुढं पोरं गेम खेळत्यात तवा रांगतं. लाईट गेली तर बॅटरी दोन तास, त्याच्याफुडं माज्याकडं काय न्हाई.”

काका एवढे खूश झालेले मी कधी पाहिले नव्हते. “ह्यो पयला मानूस,” परत आल्यावर मला म्हणाले, “कवा बंद पडतं त्ये ह्याला तोंडपाठ हाय.” प्राचार्यांनी कपाळाला आठ्या घालून चाचणीपुरती परवानगी दिली. ग्रंथालयाच्या गच्चीवर एक अँटेनाची थाळी बसली, आणि काका पंधरा दिवस तासातासाला तिचा वेग वहीत लिहीत राहिले.

परीक्षेच्या दिवशी मुली सातपासूनच फाटकाशी होत्या. कुणी भावाच्या मोटारसायकलवर, कुणी आजोबांबरोबर. अश्विनीला तिच्या वडिलांनी टेम्पोतून सोडलं. नऊला पेपर उघडायचा होता. आठ वाजून चाळीस मिनिटांनी जिन्याखालच्या कपाटातले दोन दिवे एकदमच विझले. एकामागून एक नाही, एकदम. मिरजगावला त्या हॉटेलापाशी पाण्याच्या पाइपासाठी खोदाई चालू होती, हे आम्हाला नंतर कळलं. काकांनी कुणाकडे पाहिलं नाही. त्यांनी तांबोळींची वायर लावली आणि यंत्रावर तळहात ठेवून उभे राहिले. पेपर एका रांगेमागून एक रांग उघडत गेले. शेवटच्या रांगेतली अश्विनी बारा मिनिटं रिकाम्या पडद्यासमोर बसून होती. तिला तेवढा वेळ वाढवून मिळाला, परीक्षा पार पडली. अश्विनी थोड्या गुणांनी हुकली. म्हणाली, त्या बारा मिनिटांत हात थंड पडले ते पडलेच.

आता कुणालाही वाटेल की काकांचा सत्कार झाला असेल. झाली ती चौकशी. फोनवरच्या त्याच कंपनीच्या माणसाने येऊन सांगितलं, की आमच्याकडच्या नोंदीनुसार सेवा अखंड होती, बिघाड तुमच्या आवारात झाला असणार, कुणीतरी वायर ओढली असणार. आणि प्राचार्यांच्या मनात आलं, की ज्या माणसाने आधीपासून बंद पडेल म्हणून सांगितलं, तिसरी लाइन तयार ठेवली, आणि वायरी उपसायची ज्याला खोडच आहे, त्यानेच तर? त्यांनी काकांना बोलावून तोंडावर विचारलं. मी तिथेच होते, माझ्या कानशिलांना आग लागली. काका मात्र अजिबात चिडले नाहीत. “बरोबर हाय, सर,” ते म्हणाले. “मीबी आदी ह्येच इचारलं असतं. आता तुमी मिरजगावला जाऊन खड्डा बगा. माज्यावर इश्वास ठिवू नका.” प्राचार्य खरंच गेले. हॉटेलमालकाने त्यांना तुटलेल्या केबलीही दाखवल्या आणि खोदाईवाल्याला हासडलेल्या शिव्याही ऐकवल्या. परत आल्यावर त्यांनी काकांची माफी मागितली, तीही सर्वांसमोर.

खरा पेच त्यानंतर आला. परीक्षेच्या संस्थेकडून एक फॉर्म आला होता. त्यात प्रश्न होता, परीक्षेच्या वेळी दोन्ही लाइनींपैकी कोणतीही खंडित झाली का? होय किंवा नाही. खाली नेटवर्क सांभाळणाऱ्याची सही. प्राचार्य स्वतः जिन्याखाली आले. म्हणाले, “साळवे, परीक्षा झाली ना पार? मग ‘नाही’ लिहा. ‘होय’ लिहिलंत तर केंद्र जाईल. मुलींचं बघा.” मीसुद्धा म्हटलं, “काका, लिहा ना. कुणाचं काय बिघडतंय?” हे मी म्हटलं होतं आणि ते मी लपवणार नाही.

काका दुपारभर फॉर्म मांडीवर घेऊन बसले. पाच वाजता माझ्याकडे आले. “‘न्हाई’ लिव्हलं तर त्यांच्या पत्रावर मी शिक्का मारल्यावानी हुतं, मॅडम. फुडच्या साली खड्डा तितंच असनार. आन त्या दिवशी तांबोळीचंबी बंद असलं तर? समद्या पोरी तशाच बसतील.” त्यांनी ‘होय’वर खूण केली आणि पाठकोऱ्या बाजूला सगळं लिहिलं. किती वाजता, कुठे, कोणत्या खड्ड्यात.

चार महिन्यांनी पत्र आलं. तांत्रिक कारणास्तव आमचं केंद्र एका वर्षासाठी स्थगित. ज्या केंद्रांनी ‘नाही’ लिहिलं होतं ती सगळी चालू होती. त्या कंपनीच्या नव्या माहितीपत्रकात आमच्या परीक्षेचा उल्लेख होता, ग्रामीण भागातली परीक्षा एका सेकंदाचाही खंड न पडता. काकांनी ते कपाटाला टाचलं नाही. भिंगही मागितलं नाही.

केंद्र गेल्याचं कर्जतला कळलं तेव्हा दोष काकांवरच आला. कॉलेजच्या फाटकावर एका मुलीच्या आईने त्यांना विचारलं, तुमचं काय जात होतं एक अक्षर लिहायला? काही दिवसांनी काका मला म्हणाले, “नगरला जानाऱ्या पोरींची नावं द्या.” मी यादी काढली. अकरा मुलींनी पुन्हा अर्ज भरले होते. काका एकेकीच्या घरी गेले. पहाटेच्या एसटीने मी घेऊन जातो, संध्याकाळी घेऊन येतो, असं सांगायला. दहा घरं तयार झाली. अश्विनीचे वडील होईनात. तेव्हा काकांनी पुन्हा माझी स्कूटी मागितली.

वस्तीवर आम्ही पोचलो तेव्हा ते टेम्पो धूत होते. काकांना त्यांनी खाटेवर बसवलं, पाणी दिलं, आणि स्पष्टच बोलले. “साळवेसायेब, कर्जतला हुतं तवा मी धाडली. तुमी लिव्हलं आन बंद झालं. आता नगरला कशाच्या भरवशावर धाडू?”

“माज्या.”

“रस्त्यात गाडी बंद पडली? उशीर झाला? लेकीची जात हाय. नीट परत यील का, एवढं सांगा. यील?”

अश्विनी दाराशी उभी होती. मला काकांचं उत्तर माहीत होतं. उद्याचं मला कसं ठाऊक, असं ते म्हणणार आणि सगळं तिथेच संपणार, म्हणून मी पर्स उचलली. काकांनी खाली बघितलं, मग वर बघितलं.

“यील,” ते म्हणाले. “मी सांगतो. शंभर टक्के यील.”

परतीच्या वाटेवर त्यांनी मला मिरजगावच्या स्टँडवर थांबायला लावलं आणि नगरच्या सगळ्या गाड्यांच्या वेळा वहीत उतरवून घेतल्या.

परीक्षेच्या दिवशी संध्याकाळी सहापासून अश्विनीच्या वडिलांचे मला फोन सुरू झाले. बस साडेपाचला मिरजगावला यायला हवी होती. काकांचा मोबाईल लागत नव्हता, मुलींचे परीक्षेमुळे घरीच ठेवलेले. सातला मला राहवेना, मी स्कूटी काढून मिरजगाव गाठलं. स्टँडवर अश्विनीचे वडील टेम्पोला टेकून उभे होते. मला त्यांच्याकडे बघवेना. केंद्र गेलं ते एका ‘होय’ने, आणि ‘होय’ लिहू नका म्हणणाऱ्यांत मीही होते. त्या वेळी मला वाटत होतं, काकांनी माझं ऐकलं असतं तर आज आम्ही दोघं इथे असे उभे नसतो.

आठला पाच-दहा मिनिटं असताना बस आली. वाटेत टायर फुटलं होतं. आधी काका उतरले, मग त्यांचा हात धरून अश्विनी. पेपर चांगला गेला म्हणून ती बापाच्या गळ्यातच पडली. ती आता नगरला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. काकांनी तिच्या वडिलांपुढे उभं राहून नमस्कार केला. “घ्या. बगून घ्या,” म्हणाले. त्या माणसाने काकांचे दोन्ही हात धरले.

मी जवळ गेले. काकांचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. म्हटलं, “काका, काही खाल्लंत का?”

“न्हाई. सकाळधरनं पानीबी घशाखाली उतरलं न्हाई.” त्यांनी हाताच्या पालथ्या बाजूने तोंड पुसलं. “ह्ये कंपनीवाले रोज कसं बोलत असतील, मॅडम?”

मी त्यांना माझ्या मागे बसा म्हटलं. ते नाही म्हणाले, कर्जतच्या मुली अजून गाडीत होत्या. दुसऱ्या दिवसापासून कॉलेजला उन्हाळ्याची सुट्टी होती. काका देवळालीला गेले आणि तिथेच, जूनच्या पहिल्या आठवड्यात, झोपेतच गेले. मी त्यांना पाहिलं ते त्या संध्याकाळीच शेवटचं. कंडक्टरने घंटी दिली, आतला दिवा लागला, आणि बस हलली तेव्हा काका दांडीला धरून उभे राहून उरलेल्या मुली पुन्हा पहिल्यापासून मोजत होते.